एकीनं पाहिला

धाकटीचा पाय त्या दिवशी एका जागी ठरत नव्हता. एरवी ही बाई दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या शेजारी दिवसभर उभी राहते, लोकांच्या उघड्या तोंडात थुंकी ओढायची नळी धरून, आणि पाय दुखले म्हणून कधी कुरकुर करत नाही. पण चित्रपट महोत्सवाच्या त्या चकचकीत लॉबीत आल्यापासून तिला ना बसवत होतं, ना उभं राहवत होतं. पाणी पिऊन आली आणि पुन्हा पाणी प्यायला गेली. भिंतीवरचं वेळापत्रक वाचलं, जागेवर येईपर्यंत विसरली, म्हणून पुन्हा वाचायला गेली. तिची मोठी जाऊ, थोरली, बाकावर पिशवी मांडीवर घेऊन निवांत बसली होती आणि हिच्या येरझाऱ्या बघत होती.

"अगं, बस की घटकाभर," थोरली म्हणाली. "तुझ्याकडे बघून मलाच धाप लागतेय."

"बसते," धाकटी म्हणाली आणि वेळापत्रकाकडे गेली.

दोघींच्या गळ्यात पास होते आणि पासवर ठसठशीत छापलं होतं: समीक्षक. थोरली तो पास सारखा उलटा करून बघायची, मागे काही खुलासा केलाय का म्हणून. मागे काही नव्हतं. आता ह्या दोघींना समीक्षक कुणी केलं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

झालं होतं असं. दोघी एकाच घरात दिलेल्या, दोन सख्ख्या भावांना. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि घरात एकटं राहायचं म्हटलं की त्यांचा जीव घाबरा व्हायचा. दोघींपैकी एकीनं घरी असायलाच हवं. थोरली घरातच सोफ्यांची कव्हरं शिवायची, त्यामुळे ती एक कोण हे कुणी बसून ठरवलं नाही, ते आपोआप ठरलं. धाकटीला सिनेमाचं वेड. दवाखान्याला सुट्टी असली की ती सिनेमा गाठायची आणि घरी आल्यावर चप्पल काढायच्या आत थोरलीला सांगायला लागायची. थोरली जमिनीवर कापड पसरून, तोंडात टाचण्या धरून ऐकायची आणि टाचण्यांच्या फटीतून विचारायची. प्रश्न तरी कसले? नायिका नवऱ्याला सोडून गेली, ठीक आहे, पण जाताना गॅस बंद केला का? एवढ्या श्रीमंताच्या घरात सोफ्याला कापड कसलं होतं? बाप मुलाशी बोलत नाही म्हणतेस, मग त्याला जेवायला हाक कोण मारतं? उत्तरं देता देता धाकटीच्या नाकी नऊ यायचे. आणि गंमत म्हणजे असल्या प्रश्नांतूनच सिनेमा अस्सल की नुसताच दिखाऊ, ते उघडं पडायचं. एकदा धाकटीच्या नवऱ्यानं हे सगळं गुपचूप फोनवर रेकॉर्ड केलं आणि लोकांना ऐकायला टाकून दिलं. लोक ऐकतच सुटले. कार्यक्रमाला नाव पडलं 'एकीनं पाहिला'. एकीनं पाहिला, दुसरी विचारणार. दुसरीनं पाहायचा नाही, एवढा एकच नियम.

मग सासूबाई गेल्या. घरात कुणी थांबायची गरज उरली नाही. आता थोरलीला सिनेमाला जायला कुणाचीच आडकाठी नव्हती, एक धाकटी सोडून. थोरलीनं एकदा विषय काढलाही होता, जरा लाजत. धाकटी चटकन म्हणाली होती, "ताई, तुम्हीच बघितलात तर विचाराल काय? मग आपल्या कार्यक्रमात राहिलं काय?" थोरली थोडा वेळ कापडावर खडूची रेघ ओढत राहिली आणि म्हणाली, "बरोबर आहे तुझं." झालं, विषय मिटला. धाकटीच्या मनातून मात्र तो काही मिटला नव्हता. आपण बोललो ते कार्यक्रमासाठी की स्वतःसाठी, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच ती त्याचा विचार करायचं टाळत होती.

आणि आता हे महोत्सवाचं आमंत्रण. सकाळी सिनेमा, तो सुटला की लगेच लॉबीतल्या छोट्या मंचावर दोघींचा कार्यक्रम, लोकांसमोर. जमला तर पुढच्या वर्षी महोत्सवात रोज तुमचाच कार्यक्रम ठेवू, असं संयोजकांनी सांगितलं होतं. धाकटीला तो हवाच होता. लोकांच्या दाढांकडे बघून बघून तिचा जीव विटला होता. पण तो मिळायचा तर आज, दोघींच्या नावानं खुर्च्या राखून ठेवलेल्या असताना, थोरलीनं बाहेर बसायला हवं होतं.

निळ्या जॅकेटातली एक मुलगी हातात फोन घेऊन धावत आली. पाहुण्यांची व्यवस्था तिच्याकडे होती. "चला ना दोघी, आत चला. तुमच्या जागा मधल्या रांगेत आहेत, अगदी छान."

"मी एकटीच येतेय," धाकटी म्हणाली. "ह्या नाही येणार."

"का? बरं वाटत नाही का त्यांना?"

"मला काय धाड भरलीय," थोरली हसून म्हणाली. "मी न बघणारी आहे."

मुलीला काही उलगडेना. शेजारी एक दाढीवाले गृहस्थ कॉफी पीत उभे होते. त्यांच्याही गळ्यात समीक्षकाचा पास होता आणि तो त्यांना शोभत होता. ते वळून म्हणाले, "म्हणजे तुम्ही सिनेमा न बघता सिनेमावर बोलता?"

"हो. बरीच वर्षं."

"फार मोठा विचार आहे हा," दाढीवाले गंभीरपणे म्हणाले. "पाहण्याला दिलेला नकार."

"नकार कसला हो," थोरली म्हणाली, "घरी सासूबाई होत्या."

दाढीवाले मान डोलवत आत गेले. त्यांनी हेही कुठल्यातरी विचारात बसवलं असणार. धाकटी मात्र जागच्या जागी चुळबुळत राहिली. थोरली 'होत्या' म्हणाली होती. बोलली सहज, पण धाकटीला ते लागायचं तिथे बरोबर लागलं.

"ताई, तुम्ही बसाल ना इथे? कंटाळणार नाही ना?"

"जा गं तू. नीट बघ म्हणजे झालं. सगळं लक्षात ठेव, मला विचारायचंय."

आत अंधार झाला. धाकटीच्या शेजारी थोरलीची खुर्ची रिकामी, तिच्या पाठीवर 'राखीव' असा कागद चिकटवलेला. धाकटीनं तिच्यावर आपली पर्स ठेवली. मग बरं दिसेना म्हणून पर्स मांडीवर घेतली. मग मांडीवर टोचायला लागली म्हणून पायाशी ठेवली. पलीकडच्या बाईंनी एकदा जोरात श्वास सोडला, तेव्हा ती जरा स्वस्थ बसली.

सिनेमा सुरू झाला. पडद्यावर कुणी बोलेचना. डोंगराच्या चढावर एक घर, घरात एक म्हातारा आणि एक म्हातारी. घर सोडून त्यांना खाली गावात राहायला जायचंय आणि त्यांचं एक लाकडी कपाट आहे, ते त्यांना न्यायचंय. गाडी वरपर्यंत येत नाही. मग दोघं ते कपाट उचलतात, चार पावलं चालतात, ठेवतात, दम खातात, पुन्हा उचलतात. एवढंच. धाकटीची एक सवय होती. सिनेमा बघताना ती सांगायच्या जागा मनात टिपत जायची: इथे ताई हसतील, इथे ताई अडवतील, इथे ताईंना जरा ताणून ठेवायचं. इथे टिपणार काय? कपाट उचललं. कपाट ठेवलं. लोकांसमोर हे सांगायचं म्हणजे शोभाच होणार होती.

तिचं मन पडद्यावर ठरेना. मध्येच म्हातारीचं तोंड पडदाभर मोठं दिसलं, एकेका सुरकुतीसकट, आणि धाकटीला भलतंच आठवलं. मध्ये एकदा कव्हराला इस्त्री करता करता थोरलीनं विचारलं होतं, "काय गं, मोठ्या पडद्यावर माणसाचं तोंड केवढं दिसतं? लग्नाआधी पाहिले होते, विसरले सगळं." धाकटी फोनमध्ये बघत म्हणाली होती, "भिंतीएवढं." आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागली होती. आता हे भिंतीएवढं तोंड समोर होतं, ती एकटी त्याच्याकडे बघत होती, आणि ज्या बाईनं ते विचारलं ती दाराबाहेर बाकावर बसली होती. काय बाई आहोत आपण, धाकटीला वाटलं. स्वतःची तिला भयंकर लाज वाटली.

तिला बसवेना. "जरा जाऊ द्या," म्हणत, लोकांच्या गुडघ्यांवरून, पावलांवरून ती रांगेतून बाहेर पडली. दाराला काचेची छोटी खिडकी होती. तिनं हळूच बघितलं. थोरली बाकावर होती तशीच बसली होती, पिशवी मांडीवर, आणि ह्या दाराकडेच बघत होती. नजरानजर झाली. थोरलीनं तिथूनच हात हलवला: आत जा, आत जा, काय करतेस. धाकटीला सांगावंसं वाटत होतं, ताई, तुम्हीही या. शब्द अगदी ओठावर आले होते. पण त्या मंचासमोर कुणीतरी खुर्च्या मांडत होतं, माइकचं हॅलो हॅलो चाललं होतं, आणि तिनं ते शब्द गिळले. ती परत आत गेली.

जागेवर येईपर्यंत काहीतरी घडून गेलं होतं. कपाट वाटेच्या कडेला उभं होतं, दार सताड उघडं. म्हातारी त्याच्या आत बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन, आणि म्हातारा बाहेर पाठमोरा. सभागृहात कुणी हूं की चूं करत नव्हतं. पलीकडच्या बाई रडत होत्या. दोन रांगा पुढचे दाढीवाले चष्मा काढून डोळे पुसत होते. काय झालं हे धाकटीनं कुणाला विचारायचं? घरी असती तर मागे नेऊन पुन्हा बघितलं असतं. तिनं पडद्याकडे डोळे फाडून पाहिलं, पण त्यातून काहीच कळलं नाही. मग ते दोघं उठले, कपाट उचललं, आणि चालायला लागले.

सिनेमा सुटला. लोक बाहेर आले, पण कुणी कुणाशी बोलेना. पुष्कळ जण तसेच मंचासमोरच्या खुर्च्यांवर येऊन बसले. निळ्या जॅकेटातल्या मुलीनं दोघींना वर नेलं, हातात माइक दिले, आणि कार्यक्रमाची ओळख करून दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"हं," थोरली घरच्यासारखीच म्हणाली, "सांग. काय होतं?"

"एक म्हातारा, एक म्हातारी. आणि त्यांचं कपाट. ते त्यांना डोंगरावरून खाली न्यायचंय."

"मग?"

"मग ते नेतात."

लोक हसले. थोरलीही हसली. "कपाट रिकामं की सामानासकट?"

"रिकामं." तेवढं तिनं पाहिलं होतं.

"रिकामं कपाट दोघं म्हातारे डोंगरावरून वाहून नेतात, आणि शेजारपाजारचं कुणी हात लावायला येत नाही?"

"शेजारी कुणी उरलेलं नाही. सगळे आधीच गेलेत."

"हां," थोरली म्हणाली. लोकही जरा पुढे सरकून बसले. धाकटीच्या जिवात जीव आला. चाललं होतं की, घरच्यासारखंच चाललं होतं. मग थोरलीनं माइक दुसऱ्या हातात घेतला. "आता मला एक सांग. मी बाहेर बसले होते दाराशी. माणसं बाहेर येताना बघत होते. बायको नवऱ्याचा हात धरून येत होती, आणि तो हात धरलाय हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. एक बाई तर जिना चढायचा सोडून उतरायच्या दिशेला गेली. अशी का झाली होती गं ती माणसं? काय बघितलं त्यांनी?"

धाकटीच्या डोळ्यांसमोर दाराची ती काच आली. पडद्यावर ते घडलं नेमकं तेव्हाच ती दारात उभी होती. आता खरं बोलायचं म्हणजे, आपण तुम्हाला बघायला उठलो होतो आणि बोलावलं नाही, हे चारचौघांत सांगायचं. तिच्याच्यानं ते होईना.

"ते कपाट पडतं," ती म्हणाली. "हातातून निसटतं आणि फुटतं."

"नाही हो," समोरून दाढीवाले म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "कपाट कुठे पडतं? शेवटपर्यंत पडत नाही."

दोनतीन माना हलल्या. कुणीतरी कुजबुजलं. धाकटीचे कान तापले, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं तिला वाटलं. थोरली तिच्याकडे बघत राहिली. कापड मापात बसत नसलं की ती बघायची तशी, न रागावता. मग तिनं विचारलं, "हाच परत कधी आहे?"

"आत्ताच," निळ्या जॅकेटातली मुलगी मंचाखालून म्हणाली. "तीन नंबरच्या हॉलमध्ये. सुरू होतोच आहे."

"मग मी बघूनच येते," थोरली म्हणाली. माइक खुर्चीवर ठेवला, लोकांना नमस्कार केला, पिशवी उचलली आणि मंचावरून उतरून तीन नंबरच्या दारानं आत गेली. लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. निळ्या जॅकेटातली मुलगी तर म्हणाली, "काय शेवट केलात." धाकटी एकटी मंचावर उभी, खुर्चीवरचाही उचलल्यामुळे हातात आता दोन माइक.

मग ती तीन नंबरच्या दाराशी, बाकावर जाऊन बसली. बसली कसली, उठत होती, बसत होती. ताई चिडल्या असतील का? आपली थाप ओळखली, ते तर झालंच. पण त्यांनी आजवरच्या सगळ्याच सिनेमांवर संशय घेतला तर? मग तिच्या मनात आलं, इतकी वर्षं ताई अशा कशा बसू शकल्या, घरात, टाचण्या तोंडात धरून, मी परत येईपर्यंत? मला तर एक सिनेमा संपेपर्यंत धीर धरवत नाही. संयोजकबाई येऊन म्हणाल्या, "बघणारीला न बघणारीनं पकडलं, लोकांना फार आवडलं. उद्याही कराल ना?" धाकटी हो म्हणाली. काय बोलतोय ते तिला कळत नव्हतं.

दार उघडलं. माणसं बाहेर आली, मघासारखीच मुकी. सगळ्यात शेवटी थोरली आली. डोळे लाल, नाकाचा शेंडा लाल, पिशवी कशीतरी काखेत कोंबलेली. ती बाकावर बसली. धाकटीनं रेकॉर्ड करायला फोन काढला, मग लाज वाटून परत पर्समध्ये टाकला.

"ताई, मी खोटं बोलले. तेव्हा मी आत नव्हते."

"माहीत आहे की. दारात तुझं तोंड बघितलं ना मी."

"काय होतं? कपाट का उघडलं त्यांनी? ती आत का बसली?" आयुष्यात पहिल्यांदा धाकटी विचारत होती, आणि तिला उत्तर खरोखरच हवं होतं.

थोरली बोलायला लागली. "ते दोघं थांबतात ना, तेव्हा ती..." एवढं बोलून ती थांबली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबली. हातानं काहीतरी दाखवायला गेली आणि हात खाली घेतला. "नाही गं. हे सांगायचं नाही. हे बघायचं असतं."

"असं कसं? आपण इतकी वर्षं..."

"तेच तर." थोरलीनं पदरानं नाक पुसलं. "इतकी वर्षं तू सांगायचीस आणि मला वाटायचं, बघितला मी. पुष्कळ बघितले, असं वाटायचं. मी तर त्यातला एकही बघितला नव्हता."

धाकटीनं विचारलं, "माझ्यावर रागावलात?"

"तुझ्यावर काय रागावू? तू छानच सांगायचीस. सासूबाई होत्या तोवर तेवढंच हाताशी होतं, आणि त्यावर माझे दिवस गेले." ती जरा थांबली. "त्या गेल्यानंतरचं मात्र तू करायला नको होतंस."

थोरलीनं आवाज चढवला नव्हता. धाकटी खाली मान घालून बसली.

थोरली उठली, भिंतीवरच्या वेळापत्रकापाशी गेली आणि बोट फिरवत वाचायला लागली. "आता एक आहे पाच नंबरला. मग एक चारला. उद्या सकाळपासून आहेत."

"उद्या आपला कार्यक्रम आहे, ताई. मी हो म्हटलंय."

"मग तू कर. मला आता काही विचारायचं नाही."

"बरं," धाकटी कशीबशी म्हणाली. "मग मीपण येते पाचला. तुमच्या शेजारी बसते."

"नको." थोरली हसली, आणि त्या हसण्यात मनापासूनची माया होती. "शेजारी बसलीस की कानात सांगत राहशील. तुझी सवय मला माहीत आहे. तू दुसरा कुठलातरी बघ."

तिनं पास सरळ केला, दारावरच्या माणसाला दाखवला आणि आत गेली. दार बंद झालं. धाकटी लॉबीत उभी राहिली. दिवसभरात काय काय घडलं ते सगळं, मंचावरची फजिती, ताईंचं उठून जाणं, ताईंचे लाल झालेले डोळे, हे तिला आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगायचं होतं. पण जिला सांगायचं, ती आत सिनेमा बघत बसली होती.